गोळी झेलणारी घोंगडी

भांडगावच्या शिवारात हायवे सोडून आत वळलं की एक मुरमाड माळ लागतो. एरवी तिथं दोन बाभळी आणि चार शेळ्या सोडल्या तर बघण्यासारखं काही नाही. पण त्या रविवारी माळावर पाय ठेवायला जागा नव्हती. पिकअप भरभरून माणसं उतरत होती. शिरूरकडची होती, दौंडकडची होती, आणि कारेगाव-शिक्रापूरच्या भाड्याच्या खोल्यांतली कंपनीची पोरं सुट्टी साधून आली होती. वडापावच्या गाड्या लागल्या होत्या. बायका लेकरांना कडेवर घेऊन टाचा उंचावत होत्या, आणि सगळ्यांचे मोबाइल एकाच दिशेला वर धरलेले होते.

त्या दिशेला मांडवात वज्रानंद महाराज बसले होते. अंगावर काळी घोंगडी, कपाळभर भंडारा आणि घोंगडीच्या घडीला चिमट्यानं लावलेला माइक. दोन वर्षांपूर्वी हाच गृहस्थ शिक्रापूरच्या चौकात वास्तुदोष घालवणारे तांब्याचे पिरॅमिड विकायचा. पण लोकांना मागचं आठवत नाही, आणि आठवलंच तर तेही महाराजांच्या साधनेत जमा होतं.

“गोळी सुटती बंदुकीतनं,” महाराज बोलू लागले, “पन पोचती कुनाच्या हुकमानं? शिसं म्हंजी काय? पृथ्वीतत्त्व. जमिनीतनं निघालेलं. आन् घोंगडी म्हंजी काय? मेंढराची लोकर. आता मला सांगा, मेंढरू जमिनीवर चरतं का जमीन मेंढरावर चरती?”

“मेंढरू जमिनीवर,” लोक एका आवाजात म्हणाले.

“मग कोन कुनाला खानार?”

एवढं शास्त्र पुरे झालं. लोकांनी माना डोलावल्या. आता मेंढराचा आणि बंदुकीचा संबंध काय, हे विचारायची कोणाची टाप नव्हती, कारण जवळपास अर्ध्या गर्दीचे आजे-पणजे मेंढरं राखून जगलेले. घोंगडी त्यांच्या घरी जमिनीवर टाकत नाहीत, तिच्यावर देव बसवतात. महाराजानं मंतरलेल्या घोंगड्या विकायचं दुकान मांडलं होतं ते नेमकं तिथं.

मग तळी आली. पितळेच्या ताटात भंडारा, सुपारी, खोबऱ्याच्या वाट्या, आणि भंडाऱ्यात पार बुडवून ठेवलेली काडतुसं. पाच जणांनी ताटाला हात लावून येळकोटाचा गजर केला, ताट तीनदा उचललं आणि खाली ठेवलं. परीक्षा घ्यायला जाणती माणसं काही कमी पडली नव्हती. एका आप्पांनी बंदूक मधून उघडून नळीतून आभाळ पाहिलं. दुसऱ्या आबांनी घोंगडी चाचपून आत पत्रा शिवलेला नाही ना, याची खात्री केली. अंतरसुद्धा गावानंच पावलांनी ठरवलं. काडतुसांना मात्र एकाही शहाण्यानं हात लावला नाही. तळीत आलेल्या वस्तूवर शंका घ्यायची नाही ही आपली रीत, आणि ती रीत महाराजाला आपल्यापेक्षा चांगली पाठ होती.

बंदूकवाल्याचं नाव शंभू. हा पूर्वी बँकेच्या पैशाच्या गाडीवर पहारेकरी होता. त्यानं ताटातलं एक पिवळंधमक काडतूस उचललं, अंगठ्यानं जरा चोळलं आणि नळीत सारलं. समोर मातीची घागर होती. बार झाला आणि घागरीच्या जागी नुसती धूळ उरली. बायकांनी लेकरांचे कान झाकले.

दुसरं काडतूस घेताना शंभूनं ते पुन्हा अंगठ्यानं चोळलं. या वेळी समोर माणूस होता.

तो माणूस म्हणजे हनुमंत. पंचविशीचा, उंचापुरा, छाती पुढं काढून उभा. अंगाभोवती घोंगडीची दुहेरी घडी आणि डोळे मिटलेले. गर्दीच्या कडेला त्याची आई कुशाबाई हात जोडून उभी होती, आणि आईचा दंड धरून त्याची थोरली बहीण प्रतिभा. प्रतिभा दौंडच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवते. भाऊ काय करणार आहे हे तिला माळावर आल्यावर कळलं होतं.

बार झाला. हनुमंत एक पाऊल मागं हेलपाटला, पण पडला नाही. धूर विरला. चेल्यांनी मूठमूठ भंडारा उधळत त्याला गराडा घातला, महाराजांनी घोंगडीच्या घडीत हात घातला आणि चपट्या झालेल्या शिशाच्या गोळ्या काढून तळहातावर दाखवल्या. माळ दणाणून गेला. कुशाबाई रडत होती आणि हसत होती.

तेवढ्यात पुढच्या रांगेतला कंपनीचा एक कामगार, उत्तरेकडचा, सरळ मनानं बोलला, “बाबा, दूर से तो कोई भी बच जाए. पास से मारके दिखाओ.”

महाराजांनी शंभूकडं पाहिलं. शंभूनं किंचित मान हलवली.

“फुडच्या रविवारी,” महाराज म्हणाले, “ह्योच वीर, हीच घोंगडी. आन् नळी छातीला टेकवून.”



*

हनुमंत काही मूर्ख पोरगा नव्हता. दोनदा पोलीस भरतीला उतरला, दोन्ही वेळा लेखीत मागं राहिला, मग कारेगावला एका कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीत लागला. मागच्या हिवाळ्यात त्या गेटवर तांब्याच्या तारा चोरायला टोळी आली. त्यांच्याकडं गावठी कट्टा होता. हनुमंतच्या शेजारी उभा असलेला सार्थक, त्याचा रूममेट, पोटात गोळी लागून खाली बसला आणि हनुमंतच्या मांडीवरच त्याचा जीव गेला. तेव्हापासून हनुमंतला ड्युटीचे बूट घालताना घाम फुटायचा. मोटारसायकलचा सायलेन्सर फुटला तरी तो भिंतीला चिकटायचा. अशा माणसाला कोणी सांगितलं की ही घोंगडी पांघर, गोळी लागायची नाही, तर तो ती पांघरणारच. भीतीनं पोखरलेल्या माणसाला आधार विकणारे लोक मला चोरांपेक्षा वाईट वाटतात. चोर निदान देवाचं नाव घेत नाही.

दुसऱ्या दिवशी हनुमंत पाठीमागच्या मोरीत अंघोळ करत होता. प्रतिभा पाणी द्यायला गेली आणि जागीच थांबली. त्याच्या छातीवर, बरगडीवर, दंडावर वाटाण्याएवढे गोल वळ उठले होते. कडेनं काळेनिळे, मध्ये फिकट.

“हे काय रे?”

“देवाची थाप हाय,” हनुमंत सदरा ओढत म्हणाला. “महाराज म्हनले, गोळी आडवताना देवाचा हात लागतो.”

“देवाच्या हाताला इतकी बारीक बोटं असतात व्हय?”

तो सदऱ्याची बटणं लावू लागला. प्रतिभा घरात आली. घोंगडी खुंटीवर होती. धुवायची नाही, असा महाराजांचा हुकूम होता. तिनं ती नुसती उन्हात नेऊन झटकली. भंडारा उडाला, मुरूम पडला, आणि दशांच्या गुंत्यातून एक काळी गोळी टपकन खाली पडून उसळली. शिसं उसळत नाही. प्रतिभानं ती बोटांत दाबून पाहिली. रबर होतं, टणक रबर.

आता तिला एक जुनी गोष्ट खटकू लागली. तिचा मामा ज्योतिबा यवतकडं राहायचा. महिन्याभरापूर्वी त्याचा डोळा गेला. उसाचं पाचट लागलं असं घरचे सांगत होते, पण नजर चुकवून सांगत होते. हा मामाही महाराजांच्या माळावर जाऊन आला होता.

ती त्याच दिवशी मामाकडं गेली. ज्योतिबा ओसरीवर काळा चष्मा लावून बसला होता. तिनं ती रबरी गोळी त्याच्या हातात ठेवली. त्यानं ती चाचपली आणि मूठ मिटली.

“मामा, पाचट न्हवतं ना ते?”

“न्हाई.”

“मग सांगितलं का नाही कोणाला?”

“काय सांगू? मी हुबा ऱ्हायलो, बार झाला, आन् डोळ्यात आगीचा लोळ शिरला. महाराज म्हनले, तुझा भाव कमी पडला. तुझ्या मनात पाप आलं. आता माझा डोळा गेला ह्ये सांगायचं, म्हंजी माझ्या मनात पाप हाय ह्ये सांगायचं. घरात सून हाय, जावई हाय. कुठल्या तोंडानं सांगू, पोरी?”

बघा, काय नामी योजना आहे. वाचला तर महाराजांची कृपा, फुटला तर तुमचं पाप. ज्याला इजा झाली तोच तोंड लपवून बसतो, आणि पुढच्या रविवारी माळावर उभी राहतात ती फक्त धडधाकट माणसं. त्या माळावरून असे आणखी किती जण मुकाट्यानं घरी गेले असतील, याचा हिशेब प्रतिभा मनात करू लागली.

ती मामाला घेऊन दौंडला गेली, त्याच्या डोळ्याचं ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टर रश्मींकडं. डॉक्टरीण बाई तोंडाळ म्हणून प्रसिद्ध. मामानं ‘सांगा हिला’ म्हटल्यावर त्यांनी रबरी गोळीकडं नजर टाकली.

“हीच. अशीच यांच्या डोळ्यातून काढली. तेव्हा हे मला म्हणाले, पाचट. मी म्हटलं, आमच्याकडं पाचट रबराचं नसतं.” त्या खुर्चीत मागं टेकल्या. “ही जमाव पांगवायची, सरावाची गोळी. झाडायची ती लांबून आणि कमरेखाली. तिला कमी घातक म्हणतात. कमी. लोकांना ‘कमी’ ऐकू येतं, ‘घातक’ ऐकू येत नाही. लांबून लागली तर वळ उठतो. डोळ्यात गेली तर डोळा जातो. जवळून लागली तर बरगडी मोडून आत शिरते.”

“रविवारी नळी छातीला टेकवून मारणार आहेत. माझ्या भावाला.”

डॉक्टर रश्मींनी खुर्ची पुढं ओढली. मग हळू आवाजात म्हणाल्या, “तेव्हा रबर घालणार नाहीत. तेवढं त्यांनाही कळत असणार. रिकामं काडतूस घालतील. सरावाला, शूटिंगला असतं तसं. नुसती दारू आणि वर पुठ्ठ्याचं बूच. आवाज खरा, जाळ खरा, गोळी नाही.”

“म्हणजे वाचेल?”

“गोळी नसते हो. दारू असतेच की. तुम्ही विज्ञान शिकवता ना?”

प्रतिभाच्या डोळ्यांपुढं लहानपणचा हनुमंत उभा राहिला. दिवाळीत सुतळी बॉम्बवर डालड्याचा डबा पालथा घालून पळणारा. डबा घरावरून उडायचा. त्या बॉम्बमध्ये कुठं गोळी असायची? आणि तो बॉम्ब मोकळ्या अंगणात फुटायचा. हा लोखंडाच्या नळीत कोंडून फुटणार होता, बाहेर पडायला एकच तोंड, आणि त्या तोंडाशी तिच्या भावाची छाती.

“आणखी एक,” डॉक्टर म्हणाल्या. “मला वाटतं, हे त्या महाराजालाही ठाऊक नाही. गोळीच नाही तर काय होतंय, असंच त्याला वाटत असणार. लबाडापेक्षा अडाणी लबाडाची मला जास्त भीती वाटते.”

*

हनुमंतला सगळं सांगून झालं. रबराची गोळी दाखवली, मामाला समोर बसवलं, डालड्याच्या डब्याची आठवण दिली. हनुमंत खाली मान घालून ऐकत राहिला.

“ताई, तू सांगतीस ते ऐकायला खरं वाटतं,” तो शेवटी म्हणाला. “पन सार्थक माझ्या मांडीवर मेला. त्याच्या अंगावर घोंगडी न्हवती. मी आता गेटवर हुबा ऱ्हातो तो हिच्या जिवावर. ही खोटी म्हनलीस तर मी उद्यापास्नं कशाच्या जिवावर जाऊ?”

“तुझा जीव राहिला तर ठरवू की. डबा कसा उडायचा ते आठव.”

“डब्याला भाव न्हवता. मला हाय.”

प्रतिभाला रडू आलं, रागही आला. तिला त्याच्या एक मुस्काटात द्यावीशी वाटली आणि पोटाशी धरावंसंही वाटलं. यातलं तिनं काहीच केलं नाही. शनिवारी मामाला घेऊन ती पोलीस ठाण्यात गेली. मामानं जबाब दिला. साहेबांनी तो नीट लिहून घेतला, रबराची गोळी ठेवून घेतली आणि म्हणाले, “माळ भरायच्या आधीच उचलतो त्याला. कायदा आहे.”

“उचला, पण लोकांसमोर उघडा पडल्यावर,” प्रतिभा म्हणाली. “आज उचललात तर तो हुतात्मा होईल, साहेब. उद्या जामिनावर सुटेल आणि शिरूरच्या पलीकडं दुसरा माळ बघेल. माझा भाऊ तिथंही जाऊन उभा राहील.”

“आणि उद्या काही झालं तर?”

प्रतिभानं मामाच्या काळ्या चष्म्याकडं पाहिलं. साहेब म्हणाले, “साध्या कपड्यात माणसं पेरतो. तुमच्या भावाच्या अंगाला नळी लागू देणार नाही. त्याच्या आत काय करायचं ते करा.”

करायचं काय, हे सुचवलं ते कुशाबाईनं, तेही नकळत. संध्याकाळी ती चुलीपुढं बसून स्वतःशीच बोलावं तसं बोलत होती. “एवढ्या जोखमीचं काम, आन् कोहळा न्हाई दिला. तुझ्या बापानं बोअर मारली तवा दिला हुता. घराचा पाया खंदला तवा दिला हुता. जिवाबद्दल जीव मागती ती जागा. आधी कोहळा द्यावा, मंग मानसानं फुडं व्हावं.”

प्रतिभा आईकडं बघत राहिली. मग ती उठली आणि आठवड्याच्या बाजारात गेली.

*

रविवारी माळावर गेल्या खेपेच्या दुप्पट माणूस होता. आभाळ भरून आलं होतं पण पाऊस नव्हता, वारा पडला होता, आणि भंडाऱ्याची पिवळी धूळ डोक्यांवर तशीच तरंगत होती. विशेष म्हणजे दंगा नव्हता. नळी छातीला लागणार म्हटल्यावर लोक हळू बोलत होते. काहीतरी होणार आहे हे सगळ्यांना वाटत होतं, आणि ते बघायला मिळावं असंही वाटत होतं. गर्दीचं हे रूप फार वाईट असतं.

तळी उचलून झाली. हनुमंत पुढं झाला. शंभूनं ताटातून काडतूस उचललं, चोळलं, नळीत घातलं.

“थांबा,” कुशाबाई म्हणाली.

ती पुढं आली. तिच्या मागं प्रतिभा, हातात ओवाळणीचं ताट आणि काखेत भलाथोरला कोहळा.

“महाराज, पोराला ओवाळते. आन् आमच्यात जोखमीच्या कामाआधी कोहळा द्यायची रीत हाय. पोराच्या जागी आधी ह्यो हुबा करते. हीच घोंगडी घालून. पयला बार ह्याच्यावर करा, मंग पोरावर.”

जाणत्या आबा-आप्पांनी माना हलवल्या. रीत बरोबर होती. महाराज विचारात पडले, पण फार नाही. काडतूस रिकामं आहे हे त्यांना माहीत होतं. रिकाम्या काडतुसानं कोहळ्याला काय होणार? कोहळा शाबूत राहिला तर एका तिकिटात दोन खेळ.

“माउली, तुझा भाव थोर,” ते माइकवर कळवळून म्हणाले. “घोंगडीत जो येईल त्याला अभय. मानूस असो, न्हाईतर भाजी असो. आनि ऐका समदे, ह्या कोहळ्याला खरचटलंसुदिक न्हाई, तर मग तुमीच ठरवा.”

प्रतिभानं मांडवाच्या खांबाला, हनुमंतच्या छातीच्या उंचीला, कोहळा बांधला. भावाच्या अंगावरची घोंगडी काढून तिनं ती कोहळ्याभोवती दुहेरी गुंडाळली. खांबाच्या मागची माणसं तिनं हात जोडून बाजूला केली. हिशेब चुकला, कोहळा राहिला, तर भावाला थांबवायला तिच्याकडं शब्द उरणार नव्हते.

शंभू ऐटीत पुढं आला. नळी घोंगडीला टेकवली. महाराजांनी डोळे मिटून हात वर केला आणि खाली आणला.

बार झाला.

घोंगडी फाटकन फुगली. गर पांढरा, बिया पांढऱ्या, त्याचा सडा मांडवभर उडाला. कुशाबाईच्या तोंडावर, लुगड्यावर, महाराजांच्या कपाळावरच्या भंडाऱ्यावर. अर्धा कोहळा खांबाखाली पडला होता. घोंगडीला करपलेलं भोक होतं आणि त्याच्या कडेनं लोकर अजून धुमसत होती. जळक्या केसांचा वास माळभर पसरला.

एवढी माणसं, पण लांब हायवेवरचा ट्रक ऐकू येत होता.

पहिला आवाज शंभूचा आला. तो बंदूक हातात धरून भोकाकडं बघत होता. महाराजांच्या शेजारीच उभा होता, त्यामुळं त्याचं बोलणं माइकनं उचललं आणि कर्ण्यातून सगळ्या माळावर गेलं.

“त्यात गोळी न्हवती, महाराज. शपथ घेतो. रिकामंच घातलं हुतं. मागच्या बारीला रबर आन् आज रिकामं, तुमीच सांगितलं तसं. गोळी न्हवतीच त्यात.”

महाराजांनी माइक हातानं दाबला, पण उशीर झाला होता. त्यांचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला. सवयीनं तोंडातून निघालं, “भाव… भाव कमी पडला.”

कुशाबाईनं पदरानं तोंडावरचा गर पुसला. “कुनाचा?” तिनं विचारलं. “कोहळ्याचा?”

गर्दीतून ज्योतिबा पुढं आला. काळा चष्मा काढला आणि महाराजांच्या समोर उभा राहिला. मग वळून लोकांच्या समोर उभा राहिला. मागच्या बाजूनं कोणीतरी म्हणालं, “माझ्या भावाची बरगडी मोडली, आमी गप बसलो.” आणखी एका बाईनं मुलाचा सदरा वर करून वळ दाखवले.

प्रतिभानं तळीचं ताट उचललं. आईच्या पदरानं एकेक काडतूस पुसलं आणि समोरच्या आप्पांच्या हातात देत गेली. ज्यांनी नळीतून आभाळ पाहिलं होतं तेच हे आप्पा. भंडारा निघाला तशी सोंगं निघाली. एक तोंडाला घट्ट मिटलेलं आणि वजनदार, घागरीसाठीचं. काही हलकी, हलवली की आत रबर खुळखुळणारी, लांब उभ्या केलेल्या माणसांसाठी. आणि काही अगदीच हलकी, वर नुसता पुठ्ठा. शंभूचा अंगठा चोळून शोधायचा तो हा फरक. चपट्या शिशाच्या गोळ्या महाराजांच्या मुठीत आधीपासूनच लपवलेल्या असायच्या.

“आप्पा, शिसं, रबर आणि काहीच नाही,” प्रतिभा म्हणाली. महाराजांचा माइकवरचा हात गळाला होता आणि तिचा आवाज कर्ण्यातून स्वच्छ ऐकू येत होता. “तिन्हींना एकाच भंडाऱ्याचा रंग. अंगठा एकदा चुकला असता तर घागरीचं काडतूस माणसावर गेलं असतं. आणि अंगठा चुकला नाही तरी काय झालं ते समोर आहे. मी देवाला काही म्हणत नाही. तळी उचला, भंडारा लावा, घोंगडी पांघरा, ती आपल्या आज्यांनी विणलेली आहे. पण जिवावरची गोष्ट कोणी सांगितली की नळीतून आभाळ बघून थांबू नका. काडतूस पुसून बघा. विचारलं म्हणून देव कोपत नाही. कोपतो तो दुकानदार.”

साध्या कपड्यातल्या माणसांनी तोवर शंभूच्या हातून बंदूक घेतली होती. महाराजांना जीपकडं नेताना कोणी दगड उचलला नाही, पायाही पडलं नाही. लोक नुसते बाजूला होत गेले. बऱ्याच जणांनी अंगावरच्या विकत घेतलेल्या घोंगड्या काढून काखेत दाबल्या होत्या.

हनुमंत खांबापाशी उभा होता. त्यानं घोंगडी उचलली, भोक दोन्ही हातांनी ताणलं आणि त्यात आपली मूठ घातली. मूठ आरपार गेली. तो तसाच उभा राहिला. मग मटकन खाली बसला आणि सार्थक गेल्यापासून जे रडला नव्हता ते सगळं रडला. प्रतिभा त्याच्याशेजारी मुरमात बसली. भीती वाटते, असं तो पहिल्यांदाच बोलला. वाटणारच, ती म्हणाली. वाटते म्हणूनच माणूस आडोशाला जातो, फोन करतो, पळतो, आणि जगतो.

त्यानं कंपनीत अर्ज करून गेटजवळ पक्की केबिन आणि धोक्याची घंटा मागून घेतली. सगळे गार्ड सह्या करायला आले. बूट घालताना त्याला अजूनही घाम फुटतो, पण तो आता कोणापासून लपवत नाही.

घोंगडी कुशाबाईनं रफू करू दिली नाही. ती दारामागच्या खुंटीवर तशीच आहे. वस्तीवर अजूनही कोणी ना कोणी येतं आणि पाण्याचं तेल करणाऱ्या, पैसा दुप्पट करणाऱ्या कुठल्या तरी नव्या महाराजाचं कौतुक डोळे मोठे करून सांगतं. कुशाबाई सगळं शांतपणे ऐकून घेते, चहा टाकते आणि म्हणते, “जा बाबा. पर जायच्या आधी त्या घोंगडीच्या भोकात जरा हात घालून बघ.”